लोकेशन मागू नका, टेकडी धरा : नाशिकमध्ये दुर्मिळ साप आणि पाली शोधायच्या कशा

पहिला वळीव पडला की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात, भाऊ चापडा (झाडावरचा हिरवा विषारी साप) कुठे दिसेल, लेपर्ड गेकोचं (ठिपक्यांच्या रानपालीचं) लोकेशन टाक ना, रविवार एकच मोकळा आहे. लोकेशन मी कुणालाच देत नाही, मावसभावाला सुद्धा दिलं नाही, तो अजून रुसलाय. पण शोधायचं कसं ते सगळं सांगतो, हातचं राखून काही ठेवत नाही, कारण लोकेशन मिळालं म्हणून साप दिसतो असं नसतंच मुळात, साप काय तिथे हजेरी द्यायला बसलेला नसतो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण हेच केलं. एका रविवारी हरिहर, दुसऱ्या रविवारी साल्हेर, मग भंडारदरा, मग सुट्टी टाकून आंबोली, पेट्रोल जाळलं, पाय सोलपटले, आणि दिसलं काय तर नानेटी, दिवड, धामण आणि बागेतले सरडे, जे घरामागच्या नाल्यात पण दिसतात. मग एका वर्षी जूनमध्येच बाइकचं इंजिन बसलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून अख्खा पावसाळा सिन्नरच्या अंगाला असलेल्या एकाच उघड्याबोडक्या टेकडीवर एसटीने जाऊन जाऊन काढला. त्या चार महिन्यांत जेवढं दिसलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत मिळून नव्हतं दिसलं. तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे, एक टेकडी, एक ओढा किंवा एक किलोमीटर रस्ता धरा आणि तिथेच परत परत जा. दुर्मिळ म्हणतो ती जनावरं बरेचदा तितकी कमी नसतात, लपलेली असतात, आणि कुठला दगड रात्री गार पडतो, कुठल्या कपारीत ओल टिकते हे एका फेरीत कळत नाही.

आता टेकडी धरायची कुठली. नाशिक जिल्ह्याचं बरं आहे की दोन वेगवेगळ्या दुनिया एका तासाच्या अंतरावर आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, म्हणजे सह्याद्रीचा भिजलेला पट्टा, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला सिन्नर, येवला, मालेगाव, पावसाच्या सावलीतला कोरडा माळ, तिथे ५००-६०० मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. चापडा, हरणटोळ, गवत्या, मातीत राहणारा खापरखवल्या हे साप म्हणजे ओल्या जंगलाची मंडळी, ती तुम्ही येवल्याला शोधत बसलात तर जन्म जाईल. उलट फुरसं, डुरक्या घोणस, मांडूळ, धूळनागीण, गळ्याला पंखा असलेला सरडा ही कोरड्याची मंडळी. म्हणून आधी काय बघायचंय ते ठरवा, मग टेकडी, लोक नेमकं उलटं करतात, आधी ट्रेक ठरवतात आणि मग म्हणतात सापडलं नाही काही.

टेकडी निवडताना माझी नजर तीन गोष्टींवर असते. एक, सुटे दगड, म्हणजे जमिनीवर नुसते टेकलेले, खाली बोटभर फट असलेले, अर्धे मातीत रुतलेले नकोत. दुसरं, जुना दगडी बांध किंवा पडकी भिंत, नाशिककडे शेताच्या कडेला रचलेले असे बांध पावलोपावली आहेत आणि अख्ख्या डोंगरात जेवढी जनावरं नसतील तेवढी त्या एका बांधात असतात. तिसरं, पाणी फार लांब नको. बस. फोटोत सुंदर दिसणारी टेकडी आणि सापांची टेकडी यांचा काही संबंध नाही, माझ्या टेकडीवर एक मोबाइल टॉवर, दोन बाभळी आणि फुटक्या बाटल्या आहेत.

परवानगीचं आधीच सांगतो. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे आणि कुठल्याही राखीव जंगलात रात्री टॉर्च घेऊन घुसायचं नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या ऑफिसात अर्ज द्या. अंजनेरीला तर कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि पठारावर खर्पुडीची अशी एक वनस्पती आहे जी तिथलं नाव घेऊन जन्माला आलीये, उगाच तुडवू नका. आणि १९७२ चा वन्यजीव कायदा नीट समजून घ्या, त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं पण शिकारीत येतं, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा हलवणं पण येतं. तुम्ही बघायला चाललाय, पकडायला नाही. म्हणून मी साप उचलायचा हुक वापरायचं सोडून दिलं, हुक हातात असला की हात शिवशिवतो, वापरल्याशिवाय राहवत नाही हा माझा अनुभव आहे. ज्यांचं रेस्क्यूचं काम आहे आणि रीतसर परवानगी आहे त्यांनी ठेवावा, आपण नाही.

खासगी शेत असेल तर मालकाला विचारा, आणि गावात आधी तोंड दाखवा. हे मी शिकलो कसं ते ऐका. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्ही तिघं रात्री साडेनऊला एका गावाच्या वर टॉर्च मारत फिरत होतो, खाली आलो तर दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे. त्यांना वाटलं मांडूळवाले. मांडूळ म्हणजे ते बोथट शेपटीचं दुतोंड्या, बिनविषारी गरीब जनावर, त्याच्यामुळे गुप्तधन मिळतं, अमुक वजनाचं असलं तर लाखोंनी विकलं जातं असल्या थापांपायी त्याची तस्करी चालते, आणि रात्री डोंगरात टॉर्च घेऊन फिरणारा माणूस म्हणजे एकतर मांडूळवाला नाहीतर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) चोर असं गावाचं गणित पक्कं. एक म्हातारे बाबा म्हणाले, "काय शोधताय रे पोरांनो खरं सांगा." मी म्हटलं, "पाल शोधतोय बाबा." तर म्हणे, "पाल? घरात नाही का तुझ्या पाल?" सगळे हसले म्हणून आम्ही वाचलो. त्यानंतर मी नियम केला, नवीन गाव असेल तर दिवसा जाऊन पोलीस पाटलांना भेटायचं, फोनमधले फोटो दाखवायचे, चहा नाकारायचा नाही. ह्याचा दुसरा फायदा असा की खरी माहिती त्यांच्याकडेच असते. ठाकर, कोकणा, महादेव कोळी लोकांच्या वाड्यांवर तर म्हाताऱ्या माणसांना कुठल्या ओढ्यात हिरवा साप बसतो ते तुमच्या-माझ्यापेक्षा दहापट माहीत असतं. फक्त नाव विचारू नका, दिसायला कसा, कुठे बसतो, कधी दिसतो ते विचारा, कारण एकाच नावाने चार साप ओळखले जातात आणि ज्याला त्याला घोणस म्हणायची पद्धत आहे.

आता वेळ. पहिला वळीव ते मृगाचे पहिले दहा-पंधरा दिवस हा वर्षातला सोन्याचा काळ, तापलेल्या जमिनीवर पाणी पडलं की सगळं बाहेर येतं, त्या संध्याकाळी लग्न असलं तरी मी जात नाही, लग्नाला. बायकोच्या माहेरचं असेल तर जातो. मग जुलैत पश्चिमेकडे संततधार लागली की चार-चार तास चालून काही दिसत नाही, पाऊस उघडून दोन तास झाले की निघा. सप्टेंबर-ऑक्टोबर परत चांगला, पिल्लं असतात. हिवाळ्यात लोक जातच नाहीत आणि तिथेच चुकतात, निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा साप रात्री बाहेर पडत नाही हे खरं, पण सकाळी नऊ ते अकरा ऊन खायला बिळाच्या तोंडाशी येतो, घोणस आणि अजगर मी बघितले ते जास्त करून डिसेंबर-जानेवारीतच, आणि आरामात बघितले, दुर्बिणीतून, वीस पावलांवरून, त्यांना पत्ताही नाही. एप्रिल-मे मात्र पंख्याच्या सरड्यांचा, तोंडावर ऊन घ्यायची तयारी असेल तर येवला, मालेगावच्या माळावर सकाळी आठला जाऊन बसा, नर एखाद्या दगडावर चढून गळ्याची पिशवी फडफड उघडतो. ह्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नवीन नाव दिलं, ते नावच सरडा, आपल्या मराठी शब्दावरून, त्यातल्या साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या जातीचा पंखा निळा, काळा, नारिंगी असा काही दिसतो की गणपतीच्या मखराला लाजवेल. आणि आपण पोरं असताना ह्यांनाच दगड मारायचो.

बघायचं कसं हा मुख्य भाग.

रात्री हेडटॉर्च डोक्यावर आणि एक जास्त ताकदीची टॉर्च हातात. हेडटॉर्चचा फायदा असा की उजेड तुमच्या नजरेच्या रेषेत जातो, त्यामुळे बेडूक, कोळी, रातवा पक्षी यांचे डोळे चमकतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत, म्हणून नवीन माणूस चमक शोधत बसतो आणि पायाजवळचा साप सोडून जातो. साप आकारावरून शोधायचा. गवत, फांद्या, काटक्या ह्या सगळ्या वेड्यावाकड्या असतात, त्यात एखादी वळणदार, एकसारख्या जाडीची, जराशी तुकतुकीत रेघ दिसली की थांबायचं. झुडपांवर नजर गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत सावकाश फिरवा, हरणटोळ रात्री झुडपाच्या शेंड्याला सैल वेटोळं करून झोपतो, दिवसा जो पानात असा मिसळतो की हात लागेपर्यंत दिसत नाही तोच रात्री टॉर्चच्या उजेडात फिकट हिरवा लख्ख दिसतो. सरडे पण फांदीच्या टोकाला झोपलेले दिसतात. माझ्या मते ज्याला हरणटोळ बघायचाय त्याने दिवसा शोधूच नये.

चापड्याचं वेगळं आहे. तो शिकारी असा की एकदा जागा धरली की कित्येक दिवस त्याच फांदीवर, त्याच बाजूला तोंड करून बसतो, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो, समोरून उंदीर किंवा बेडूक जायची वाट बघत. ओढ्याच्या कडेचा बांबू, करवंदीची जाळी, ओल्या खडकाची कड, असल्या जागी बघा. एकदा सापडला की फांदी लक्षात ठेवा, पुढच्या आठवड्यात परत जा, बरेचदा हातभर अंतरावर परत तिथेच असतो. आणि एक सवय लावून घ्या, ओढा चढताना आधारासाठी फांदी धरायच्या आधी टॉर्च मारायची, दर वेळेस. गवत्या पण हिरवा असतो आणि लोक दोघांत गफलत करतात, गवत्या जमिनीवर गवतात फिरतो, डोकं मानेत मिसळलेलं, पिल्लाच्या मानेवर काळी खूण असते, डिवचलं तर नागासारखी मान चपटी करतो. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि तो पळत नाही, तिथेच बसून तुमच्याकडे बघतो.

दिवसा डोळ्यांपेक्षा कान वापरा. सातभाई आणि बुलबुल एखाद्या झुडपाभोवती कलकलाट करत असतील, खार शेपटी झटकत एकसुरी ओरडत असेल तर खाली बघा, निम्म्या वेळेस मांजर निघतं, उरलेल्या वेळेस साप. धुळीच्या पायवाटेवर सकाळी सकाळी खुणा असतात, घोरपडीच्या खुणेत दोन्ही बाजूला नखांचे ठसे आणि मध्ये शेपटीची ओढलेली रेघ, एकदा बघितली की विसरत नाही. फुरशाचा तर आवाजच पुरे, आठाचा आकडा करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज, तो आला की पाय आहे तिथेच ठेवा आणि आधी नक्की कुठून येतोय ते बघा, मग मागे व्हा.

आणि कात. कात सापडली की लोक फोटो काढून फेकून देतात, अरे ती म्हणजे सापाचं आधार कार्ड आहे. माझ्या टेकडीवरच्या बांधात एकदा अडीच-तीन फुटी कात मिळाली, दगडाच्या फटीत शेपटीकडून अडकलेली, वाऱ्याने फडफडत होती, मला वाटलं बिनविषारी कवड्या सापाची असणार कारण कवड्या तिथे रोजचा. उजेडाकडे धरून पाठीवरची मधली रांग बघितली तर मधले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि चक्क षटकोनी, पोळ्याच्या घरांसारखे एकामागे एक. मण्यार. ज्या बांधावर बसून मी सहा आठवडे डबा खाल्ला त्याच बांधात. नंतर तिथे बसून डबा खाल्ला नाही हे वेगळं सांगायला नको. जिवंत बघताना इतकं जवळ जायचं नसतं, तेव्हा पट्टे बघा, मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे उलटे, मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. शंका असेल तर मण्यारच समजा. घोणस आणि डुरक्या घोणस यांचं पण तेच, खऱ्या घोणसीच्या अंगावर साखळीसारखे लांबट गोल ठिपके तीन ओळीत आणि शिट्टी कुकरची, डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपटी आखूड बोथट. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचललेले लोक ह्या महाराष्ट्रात आहेत, त्यातले काही हे वाचायला नाहीत.

आता दगड. दगड उलटायचे की नाही ह्यावर भांडणं होतात, माझं मत, शक्यतो नाही, वाकून टॉर्चने फटीत बघा, निम्मं काम होतं. उलटायचाच असेल तर पलीकडची कड धरून स्वतःकडे उचलायचा, म्हणजे तोंड तुमच्या विरुद्ध बाजूला उघडतं आणि दगडच तुमची ढाल होतो. बोटं खाली घालायची नाहीत, खाली विंचू, इंगळी, गोम बसलेली असते, काठीने किंवा बागेतल्या छोट्या कुदळीने उचला. खाली काही असेल तर दगड त्याच्यावर परत टाकायचा नाही, चिरडतं, एका बाजूला छोटा दगड टेकू देऊन सावकाश ठेवायचा, ते आपलं आपण आत सरकतं. आणि दगड परत त्याच खळग्यात, त्याच बाजूने, मातीचा जो ओला ठसा उमटलेला असतो तो जुळला पाहिजे. बेसॉल्टच्या खडकावरचे सुटे पापुद्रे तर तोडायचेच नाहीत, पाल त्या फटीतच राहते, फट तयार व्हायला वर्षानुवर्षं गेली आणि तुम्ही दोन सेकंदात मोडली.

हे मी एवढं कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. ह्या टेकडीवरच्या पहिल्या वर्षी मी घाईत होतो, अंधार पडत आलेला, एकामागून एक दगड उलटत वर गेलो, येताना नीट करू म्हटलं आणि आलो दुसऱ्या वाटेने. पुढच्या शनिवारी गेलो तर एक दगड तसाच उताणा पडलेला, त्याच्या पोटाला पालीची दोन अंडी चिकटलेली, पांढरी, खडूसारख्या कवचाची, शेंगदाण्याएवढी, उन्हाने तडकलेली आणि आत मुंग्या. पाली कपारीत दगडाला अंडी चिकटवतात हे मला माहीतच नव्हतं, मी उलटताना खालच्या जमिनीकडे बघितलं, दगडाच्या पोटाकडे बघितलंच नाही. तेव्हापासून माझ्या टेकडीवरच्या प्रत्येक दगडाला वहीत नंबर आहे, आजघडीला एकसष्ट दगड आहेत, आणि एका फेरीत दहाच्या वर बघायचे नाहीत, एकदा उलटलेला दगड महिनाभर परत उलटायचा नाही. बायको म्हणते दगडांची हजेरी घेणारा पहिलाच मास्तर बघितला.

लेपर्ड गेको, बिबट्या पाल म्हणा पाहिजे तर, ती ह्याच पद्धतीने सापडली. पश्चिम भारतातलीच जात आहे, कोरड्या खडकाळ उतारावर राहते, आणि घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही, पायाला चिकटायच्या गाद्याच नाहीत. तिला पापण्या असतात, बाकीच्या पाली डोळा जिभेने चाटतात, ही चक्क डोळे मिटते. मोठीच्या अंगावर ठिपके, पिल्लाला काळे-पिवळे पट्टे, लोकांना वाटतं जहाल विषारी आहे आणि दिसली की ठेचतात. विषारी अजिबात नाही. मला ती पहिल्यांदा दिसली ती सतराव्या की अठराव्या फेरीला, पाऊस नुकताच उघडलेला, एका दगडाच्या कडेला मान बाहेर काढून, टॉर्च पडल्यावर पळाली नाही, सावकाश डोळे मिटले आणि परत उघडले, जसं काही म्हणतेय की बंद कर रे तो दिवा. मी बंद केला. फोटो एकच आला तो पण हललेला.

फोटोवरून आठवलं. एका जनावरामागे पाच मिनिटं, त्याच्यावर नाही. फ्लॅश तोंडावर धडाधड मारू नका, चांगला अँगल मिळावा म्हणून फांदीवरून काढून दगडावर ठेवणं हे प्रकार तर करूच नका, जाणत्या माणसाला फोटो बघून लगेच कळतं की हे जनावर इथे आणून बसवलंय. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, मोबाइलचा फोटो ग्रुपवर पाठवायच्या आधी लोकेशन काढून टाका, आणि मागे ओळखीची टेकडी किंवा मंदिराचा कळस येऊ देऊ नका, तेवढ्यावरून जागा शोधणारे लोक आहेत. नोंद मात्र जरूर करा, आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) टाकताना जागा धूसर करायची सोय असते ती वापरा. नोंदीची किंमत असते, अंडीखाऊ साप वर्षानुवर्षं कुणाला धड दिसत नव्हता, तो २००० नंतर विदर्भातून नोंदवला गेला तेव्हा कळलं की आपल्याकडे पण आहे.

रस्त्याने रात्री गाडीतून शोधणं हा पण एक प्रकार, पावसानंतर डांबर गरम राहतं म्हणून साप त्यावर येतात. त्र्यंबक-जव्हार रस्ता, पेठ-सुरगाण्याकडचा रस्ता, ताशी वीसच्या वर जायचं नाही. चांगलं दिसतं, खोटं बोलणार नाही, पण मेलेलंच जास्त दिसतं. जिवंत असेल तर मागच्या गाडीला इंडिकेटर देऊन थांबा, त्याला जाऊ द्या. मेलेलं असेल तर जागेवरच फोटो, मेलेलं जनावर सुद्धा घरी आणायचं नाही, कायद्यात बसत नाही.

जिवाचं आता. गुडघ्यापर्यंत गमबूट, जाड जीन्स, एकट्याने कधीच नाही, तीन जण असले तर उत्तम. सिन्नर-निफाडकडे उसाच्या कडेला रात्री वाकून बसू नका, सापाच्या आधी बिबट्या भेटेल, आपसात बोलत चला. निघायच्या आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस (अँटीव्हेनम, चावल्यानंतर देतात ती) आहे का विचारा, नसेल तर नाशिकचं सिव्हिल किती वेळात गाठता येईल ते मनात मोजून ठेवा. चावलाच तर आवळपट्टी नाही, ब्लेड नाही, तोंडाने ओढणं नाही, मांत्रिक नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, हात-पाय हलू न देता फळीला बांधल्यासारखा ठेवायचा, १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, लांबून फोटो असेल तर ठीक. मण्यार चावल्याचं दुखत पण नाही फारसं, मुंगी चावली म्हणून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, तेव्हा दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. आणि चापड्याबद्दल हे लक्षात ठेवा की आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांच्या विषावर बनते, चापडा त्यात नाही, डॉक्टरांना कुठला साप ते नक्की सांगा. गावात कुणाच्या घरात साप निघाला तर हिरो बनायला जाऊ नका, वनविभागाचा १९२६ नंबर आहे.

वही ठेवा, मोबाइलवर नको, पावसात स्क्रीन चालत नाही, साधी शंभर पानी वही आणि पेन्सिल, शाई पसरते. तारीख, वेळ, पाऊस कधी थांबला, वारा, दगड गार की कोमट, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, दिसलं नाही हे पण लिहायचं, दोन वर्षांनी तेच कामाला येतं. माझ्या वहीतलं गेल्या पावसाळ्यातलं एक पान जसंच्या तसं देतो :

२६ ऑगस्ट. पाऊस ५ ला थांबला. ७.४० दगड ९, काही नाही. ७.५५ दगड १४, विंचू, पाठीवर पिल्लं, मोजली नाहीत. ८.१० बांध, कवड्या एक, बेडूक धरलेला, बघत बसलो, वीस मिनिटं गेली. ८.३५ दगड १७, उलटला नाही, कडेने टॉर्च. शेपटी दिसली फक्त, जाड, काळे-पिवळे पट्टे, बोटभर. पिल्लू. म्हणजे इथेच अंडी होती. फोटो नाही. दगड १७ पुढच्या वर्षीपर्यंत बंद.